३२ माणसं, एकच 'कॉमन' फोल्डर आणि रोजची वादावादी, परमिशनचं कुठनं सुरू करू?

स्टोअरवाला_कुपवाड

नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत एका मशिनिंगच्या कारखान्यात स्टोअर बघतो. कॉम्प्युटरचं शिक्षण काही नाही, पण चार वर्षांपूर्वी एकदा अडकलेला प्रिंटर चालू करून दिला आणि तेव्हापासनं 'कॉम्प्युटरचं काय असलं की ह्याला विचारा' असं झालंय, त्यामुळं आता मालकांनी हे पण माझ्याच गळ्यात घातलंय.

तर ऑफिस आणि शॉप धरून ३२ माणसं, पीसी २६. अकाउंट्समधल्या एका विंडोज १० च्या पीसीवर 'कॉमन' नावाचं फोल्डर शेअर केलेलं आहे, कधीकाळी कुणीतरी 'एव्हरीवन, फुल कंट्रोल' (म्हणजे कुणीही काहीही करा) देऊन ठेवलंय ते आजपर्यंत तसंच चाललंय. आत काय नाही ते विचारा. 'न्यू फोल्डर', 'न्यू फोल्डर २', 'फायनल', 'फायनल फायनल', 'सरांनी सांगितलेलं', सोडून गेलेल्या माणसांच्या नावाची पाच फोल्डरं, एकाच्या बहिणीच्या हळदीचे फोटो आणि ह्या सगळ्या पसाऱ्यात कस्टमरची ड्रॉइंग.

गेल्या दोन महिन्यांत काय झालं ते सांगतो म्हणजे अंदाज येईल. अकाउंट्सच्या मॅडमनी पगाराची शीट दहा मिनिटांसाठी कॉमनमध्ये टाकली, सरांना बघायची होती म्हणून, तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत कुणाला किती वाढ मिळाली ते लेथवाल्या पोरांना पण पाठ. दुसरं, एका फ्लँजचं ड्रॉइंग बदलून आलं होतं, बोअर, म्हणजे मधलं भोक, ४२.५ चा ४२ केला होता कस्टमरनं, पण शॉपवाल्यानं जुनीच फाईल उघडून प्रिंट मारली कारण दोन्ही फाईली शेजारी शेजारी आणि नाव जवळजवळ सारखंच. ४० नग गेले. बोअर लहान असता तर परत काढला असता, मोठा झालेला काय करणार, सगळं भंगारात. तिसरं म्हणजे परचेसचं अख्खं फोल्डर एका सकाळी गायब, सगळ्यांनी एकमेकांवर संशय घेतला, शेवटी दुपारी ते 'इन्व्हॉइस जुने' च्या आत सापडलं, कुणाच्यातरी हातनं माऊसनं ओढलं गेलं होतं आणि त्याला कळलं पण नव्हतं.

आणि रोजचं एक दुखणं आहेच, सकाळी साडेनऊनंतर जे येतात त्यांचं कॉमन उघडतच नाही, आणखी कनेक्शन घेता येत नाहीत असं काहीतरी इंग्रजीत येतं. मग कुणीतरी पीसी बंद केला की ह्यांचं चालू होतं.

आता मालकांनी सिनॉलॉजीचा दोन डिस्कचा डबा (नास, म्हणजे सगळ्यांच्या फाईली नेटवर्कवर ठेवायचं मशीन) आणलाय, ४ टीबीच्या दोन डिस्क. अजून थर्माकोलमध्येच आहे, मला हात लावायची भीती वाटतीय. फोल्डरं डिपार्टमेंटवार करायची का माणसावार? परमिशन कशी द्यायची? मालकांचे चिरंजीव म्हणतात मला सगळं दिसलं पाहिजे आणि डिझाईनचे साहेब म्हणतात माझं कुणाला दिसता कामा नये. मी मधे अडकलोय.

---

झटपट_मिरज

एवढा घोळ कशाला घालताय, सगळं गुगल ड्राइव्हवर टाका, लिंक पाठवा, विषय संपला.

---

केबल_अण्णा

झटपटराव, लिंक पाठवा म्हणूनच तर विषय सुरू होतो. 'लिंक असलेला कुणीही' करून ठेवलेली कोटेशनं मी स्वतः बघितलीत. शिवाय ह्यांच्याकडं कॅडच्या (कॉम्प्युटरवर काढलेल्या ड्रॉइंगच्या) असेंब्ल्या असणार, त्या इंटरनेटवरनं उघडत बसले तर एक चहा होऊन दुसरा येईल. आणि डबा आणलाय ना आता, तो वापरूया की.

स्टोअरवाले दादा, मी विश्रामबागेत बसतो, असलीच कामं करतो, तुमच्यासारखी ऑफिसं गेल्या काही वर्षांत बरीच लावलीत. आधी सकाळचं दुखणं सांगतो, ते सोपं आहे. विंडोज १० किंवा ११ हे सर्व्हर नव्हे, साध्या विंडोजवर बाहेरनं एका वेळी २० च जोडण्या घेता येतात, तुमचे पीसी २६, त्यातला एक तो स्वतः, म्हणजे उशिरा येणारे पाच बाहेर. त्यात काही बिघाड नाही, लायसनच तसं आहे. डब्यावर गेलात की हे आपोआप मिटेल. आणि तसंही विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्या पीसीवर सगळ्या कंपनीचा माल ठेवणं बरं नव्हे.

आता डबा. थर्माकोलमधनं काढू नका अजून. आधी एक कागद घ्या, मोठा घ्या, कॅलेंडरची मागची बाजू चालेल. डावीकडं खाली खाली डिपार्टमेंट लिहा, अकाउंट्स, परचेस, स्टोअर, डिझाईन, क्वालिटी, डिस्पॅच, एचआर. वर आडवी कामं लिहा, माणसांची नावं नाही, कामं. परचेस करणारा, स्टोअरचा, शॉपचा सुपरवायझर असं. प्रत्येक चौकोनात तीनपैकी एकच लिहायचं: काही नाही, बघणार, बदलणार. हा कागद घेऊन प्रत्येक डिपार्टमेंटच्या साहेबाकडं जायचं आणि त्याच्या ओळीवर त्याचीच सही घ्यायची. तुम्ही ठरवायचं नाही. मी हे मुद्दाम सांगतोय कारण मी सुरुवातीच्या काळात स्वतः ठरवत होतो आणि मग एखाद्याला एखादं फोल्डर दिसलं नाही की तो माझ्याशी वर्षभर बोलायचा नाही. आता कागद दाखवतो. अकाउंट्सचं कुणाला दिसावं हे अकाउंट्सवाले ठरवणार, तुम्ही फक्त कुलूप बसवणारे.

कागद भरला की डब्यावर ग्रुप करायचे, नावं कामाची. 'परचेस-बदल', 'परचेस-बघा' असे दोन-दोन. फोल्डरला परमिशन द्यायची ती ग्रुपलाच, माणसाला कधीच नाही, मालकांना पण नाही, त्यांच्यासाठी वेगळा ग्रुप करा. का ते उद्या कुणी नोकरी सोडली की कळेल, त्याला ग्रुपमधनं काढलं की काम झालं, नाहीतर ४० फोल्डरं उघडून त्याचं नाव शोधत बसायचं आणि एक हमखास राहतंच.

प्रत्येक डिपार्टमेंटचं वेगळं शेअर फोल्डर करा, एका मोठ्या फोल्डरच्या पोटात सात घालू नका. ह्याला एक कारण आहे ते बऱ्याच जणांना माहीत नसतं. एकाच ठिकाणी फाईल इकडनं तिकडं कट-पेस्ट केली की ती जुन्या घरची परमिशन बरोबर घेऊन जाऊ शकते, कॉपी केली तर नव्या घरची लागते. म्हणजे कॉमनमधली फाईल कट करून अकाउंट्समध्ये ठेवली आणि तुम्हाला वाटलं लपली, तर ती सगळ्यांना उघडतच राहू शकते. वेगवेगळी शेअर असली की एकातनं दुसऱ्यात हलवताना आतनं कॉपीच होते, ही भानगड येत नाही.

सिनॉलॉजीत एक खोड लक्षात ठेवा, 'नो ॲक्सेस' सगळ्यात वर बसतो, मग रीड-राइट, मग रीड-ओन्ली. एक माणूस दोन ग्रुपमध्ये असला आणि एकात नो ॲक्सेस असला तर दुसऱ्यात काहीही दिलं तरी दार बंद. म्हणून नो ॲक्सेसची टिक मारतच बसू नका. द्यायचं नसेल तर काहीच टिक करायचं नाही, रिकामं सोडलं तरी आत जाता येत नाही. आणि 'परमिशन नसलेल्यांपासून लपव' हे चालू करा, ज्याला एचआरचं दारच दिसत नाही तो ते ढकलून बघत नाही.

चिरंजीवांचं म्हणाल तर त्यांना सगळं 'बघणार' द्या. 'बदलणार' दिलं तर एखाद्या दिवशी त्यांच्या लॅपटॉपवर काहीतरी आलं की अख्खा कारखाना लॉक. रॅन्समवेअर, म्हणजे फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, माणसाच्याच परवानगीनं फिरतो, त्याला वेगळी किल्ली लागत नाही. हे असं सांगितलं की मालक लोकांना पटतं, मी बघितलंय.

---

खातेवही_ताई

अण्णांचं बरोबर आहे, पण बॅकअपचं कुणी बोललंच नाही म्हणून लिहितेय.

मी सीएच्या ऑफिसात आहे, आमचं आधीचं ऑफिस गणपती पेठेत तळमजल्यावर होतं. ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलाची धोका पातळी ४५ फूट, त्या वेळी पाणी ५७ च्या वर गेलं होतं, सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. आमचा सर्व्हर टेबलाखाली आणि बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये. दोन्ही बरोबरच बुडाले. वाचलं काय तर आमचे एक जुने कारकून काका दर शनिवारी एक पेनड्राइव्ह घरी न्यायचे, माधवनगरला, आम्ही त्यांना हसायचो. त्या पेनड्राइव्हवर आम्ही रिटर्न भरले.

दोन डिस्कमध्ये रेड १ (दोन्हीवर एकच माल एकाच वेळी लिहिणं) लावलं म्हणजे बॅकअप झाला असं समजू नका. एक डिस्क मेली तर दुसरी चालते एवढाच त्याचा उपयोग. कुणी फाईल उडवली तर ती दोन्हीवरनं एकाच क्षणी उडते. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या वस्तूंवर, एक गावाबाहेर, निदान दुसऱ्या घरी.

तुम्ही प्रायव्हेट लिमिटेड असाल तर ही हौसेची गोष्ट पण नाही. १ एप्रिल २०२३ पासनं अकाउंटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये कुणी कधी काय बदललं त्याची नोंद राहिली पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये. ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनं हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज घ्यायचाय, आधी ठरावीक काळानं म्हणलं होतं, आता रोज. वह्या ८ आर्थिक वर्षं ठेवायच्या. जीएसटीचे कागद वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासनं ७२ महिने. त्यामुळं जुनी वर्षं उडवून जागा करायचा विचार कुणी मांडला तर आधी अकाउंट्सला विचारा.

आणि टॅलीचा डेटा फोल्डर परमिशननं लपवायला जाऊ नका. टॅली वापरणाऱ्या प्रत्येकाला त्या फोल्डरात लिहायची परवानगी लागतेच, नाहीतर टॅली उघडत नाही. कुणी काय बघायचं ते टॅलीच्या आतल्या युझर आणि सिक्युरिटी लेव्हलनं करा. माझं मत विचाराल तर चालू डेटा टॅलीच्या पीसीवरच राहू द्या, डब्यावर फक्त रोजचा बॅकअप.

---

सातारी_कंदी

अण्णा, एक विचारू का, २६ पीसी आहेत तर सरळ विंडोज सर्व्हर घेऊन ॲक्टिव्ह डिरेक्टरीच (सगळ्यांचे युझर एकाच जागी सांभाळणारी सोय, तिलाच डोमेन म्हणतात) का नको? मी साताऱ्याच्या एमआयडीसीत एका ठिकाणी हे बघतो, डोमेनमध्ये एकदा पासवर्ड बदलला की सगळीकडं बदलतो, ड्राइव्ह आपोआप मॅप होतात, ग्रुप पॉलिसीनं (सगळ्या पीसींना एका जागेवरनं नियम लावून) निम्मी डोकेदुखी जाते. डब्यावर वेगळे युझर, पीसीवर वेगळे युझर, माणूस पासवर्ड विसरला की दोन ठिकाणी जा. आमच्याकडं सुरुवातीला तसंच केलं होतं आणि वर्षभरात वैतागलो.

---

केबल_अण्णा

कंदी, खरंय तुमचं, पण तिथं तुम्ही आहात. ह्यांच्याकडं स्टोअर बघणारा माणूस आहे आणि त्याला माल पण मोजायचाय. सर्व्हरचं लायसन, प्रत्येक माणसाचं किंवा पीसीचं वेगळं ॲक्सेस लायसन, वर अपडेट. ५० पीसी झाले की तुमच्याकडंच पाठवतो त्यांना.

---

गेज_आणि_चहा

मी क्वालिटीत आहे, मिरज एमआयडीसी. ते ४० नगांचं वाचून पोटात कळ आली राव. आमच्याकडं पण झालंय, आकडा सांगत नाही.

ह्यात परमिशनपेक्षा मोठी चूक अशी की तुमच्याकडं 'चालू असलेलं ड्रॉइंग' आणि 'काम चाललेलं ड्रॉइंग' एकाच जागी आहेत. तीन फोल्डरं करा. एक 'काम चालू', फक्त डिझाईनला दिसणार. दुसरं 'रिलीज', तिथं डिझाईनचा एकच माणूस टाकणार आणि सगळ्यांना नुसतं बघायला, शॉपच्या पीसीला तर एवढं एकच फोल्डर दिसलं पाहिजे, दुसरं काहीच नाही. तिसरं 'रद्द', नवीन रिव्हिजन रिलीजमध्ये टाकायच्या आधी जुनं उचलून रद्दमध्ये न्यायचं, आणि रद्द शॉपला दिसत नाही. रिलीजमध्ये एका नगाची एकच फाईल, नेहमी. शेजारी शेजारी दोन फाईली असल्या की कितीही हुशार ऑपरेटर असला तरी रात्रपाळीला चुकीची उघडणारच.

रिलीजला पीडीएफच टाका, कॅडची फाईल नाही. कॅडची फाईल असली की कुणीतरी माप 'जरा' बदलून बघतो. आयएसओ ९००१ चं ऑडिट होत असेल तर कलम ७.५ मध्ये हेच मागतात, चालू कागद हाताशी पाहिजे आणि रद्द झालेला चुकून वापरात येता कामा नये. आमच्या ऑडिटरला मी शॉपच्या पीसीवर नुसतं फोल्डर उघडून दाखवलं, पुढचा प्रश्नच विचारला नाही त्यांनी.

---

स्टोअरवाला_कुपवाड

सगळ्यांचे आभार. अण्णा, कागद केला, खरंच कॅलेंडरच्या मागं केला. डिझाईनच्या साहेबांनी आधी सही करायला नकार दिला, मग गेज दादांचं ते तीन फोल्डरांचं दाखवलं तर म्हणाले हे मी केव्हापासनं सांगत होतो. चला, सही झाली.

सात शेअर केली, ग्रुप केले. वर एक 'देवघेव' नावाचं केलं जिथं सगळे बदल करू शकतात, एका डिपार्टमेंटनं दुसऱ्याला फाईल द्यायची तर तिथं. आता अडचण आली ती अशी. क्वालिटीच्या फॉरमॅटचं फोल्डर आहे, लोक ते चुकून उडवतात, म्हणून मी तिथं सगळं दिलं आणि फक्त डिलीट काढून घेतलं. तर एक्सेलची फाईल उघडते, आकडे भरता येतात, पण सेव्ह करताना एरर, आणि फोल्डरात विचित्र नावाच्या, शेपूट नसलेल्या दोन-चार फाईली तयार झाल्या. काय चुकलं?

आणि ते माऊसनं ओढून गायब व्हायचं थांबवता येतं का?

---

केबल_अण्णा

एक्सेल आहे ते जागच्या जागी लिहीत नाही. सेव्ह दाबलं की शेजारी एक तात्पुरती फाईल करतो, सगळं तिच्यात लिहितो, मग जुनी उडवतो आणि नवीला जुन्याचं नाव देतो. तुम्ही उडवायचा हक्क काढला, म्हणजे तो मधल्या पायरीवरच अडकला, त्या विचित्र फाईली म्हणजे त्याचं अर्धवट राहिलेलं काम. म्हणून जिथं एक्सेल, वर्ड चालणार तिथं 'बदल' द्यायचं ते डिलीटसकट. उडवतील ही भीती असेल तर त्याचा इलाज परमिशन नव्हे, रिसायकल बिन आणि स्नॅपशॉट (फोल्डर त्या क्षणी जसं होतं तशी राखलेली प्रत). शेअर करताना रिसायकल बिन चालू करा आणि ती रिकामी करायचा हक्क फक्त ॲडमिनला ठेवा. डिस्क बीटीआरएफएसमध्ये (डिस्कवर फाईली मांडायची एक पद्धत) फॉरमॅट केल्या असतील आणि तुमच्या मॉडेलला चालत असेल तर दर दोन तासांनी स्नॅपशॉट लावा, सकाळी १० ची फाईल दुपारी ४ ला मागितली तरी मिळते. कोरे फॉरमॅट मात्र वेगळ्या फोल्डरात ठेवा, नुसतं बघायला, तिथनं उचलून आपल्या जागी भरायचे.

फुल कंट्रोल कुणालाच देऊ नका हे लिहायचं राहिलं होतं. 'बदल' मध्ये फाईल करता, लिहिता, उडवता येते. फुल कंट्रोलमध्ये परमिशन बदलता पण येते, म्हणजे कुणीतरी हुशार माणूस त्याच्या फोल्डरातनं तुम्हालाच बाहेर काढेल.

ओढण्याचं: शेअर उघडल्यावर जो पहिला थर दिसतो, 'ऑर्डर २०२५-२६', 'व्हेंडर', 'रेट' वगैरे, तिथं लोकांना फक्त बघायला ठेवा. त्या प्रत्येक फोल्डराच्या आत 'बदल' द्या, पण त्या फोल्डराचं स्वतःचं डिलीट काढा. हलवणं म्हणजे मशीनच्या भाषेत इथनं काढून तिथं ठेवणं, काढता आलं नाही तर हलतच नाही. आत फाईली मोकळ्या, भिंती पक्क्या. पहिल्या थरात नवीन फोल्डर पाहिजे असेल तर तुमच्याकडं यावं लागेल, सुरुवातीला कुरकुर होईल, पण 'न्यू फोल्डर २' ची पैदास थांबेल.

त्याच्या खाली मात्र परमिशनचा खेळ करू नका. तिसऱ्या चौथ्या थरात एका माणसासाठी एक वेगळं कुलूप, असं करत गेलात की सहा महिन्यांनी तुम्हालाच कळणार नाही कुणाला काय दिसतंय. आत काहीतरी लपवायचंय म्हणजे ते मुळात चुकीच्या शेअरमध्ये आहे, बाहेर काढा.

---

खातेवही_ताई

त्या 'देवघेव' कडं लक्ष ठेवा हं. तेच उद्याचं कॉमन होणार. आमच्याकडं तसल्या फोल्डरला 'धर्मशाळा' म्हणतात, सात दिवसांवर काही राहत नाही, रविवारी रात्री आपोआप साफ. आणि पगार, आधारच्या झेरॉक्स तिथनं कधीच जाता कामा नयेत. २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा आलाय, कामगारांचे कागद उघड्यावर पडले तर जबाबदारी कंपनीची.

---

स्टोअरवाला_कुपवाड

अपडेट देतो. रविवारी सगळं हलवलं. कंदी दादांनी मेसेजमध्ये रोबोकॉपी (विंडोजमधलीच फाईली कॉपी करायची कमांड) सांगितली होती, ती वापरली. नुसती चालवली की फाईली आणि तारखा येतात आणि जुन्या परमिशन येत नाहीत, मला तेच पाहिजे होतं, जुनी घाण नव्या घरात नको. मिरर वाला स्विच वापरू नका म्हणून त्यांनी तीनदा बजावलं, जिथं टाकतोय तिथलं जास्तीचं सगळं तो उडवतो, म्हणून त्याच्या वाटेला गेलोच नाही. जुना कॉमन उडवला नाही, फक्त बघायला करून ठेवलाय तीन महिने.

३०० च्या आसपास फाईली आल्याच नाहीत. तासभर डोकं खाजवलं. सगळ्यांची नावं मराठीत आणि लांबलचक, आमच्या एचआरच्या काकांना फाईलच्या नावातच अख्खं पत्र लिहायची सवय आहे, 'कामगार आयुक्त कार्यालयास दिनांक अमुक रोजी पाठवलेल्या पत्राची सही केलेली प्रत' आणि पुढं अजून बरंच काही, असं. हे कशामुळं?

दुसरं, शॉपच्या पीसीवर शॉपचं लॉगिन आहे, सुपरवायझरला त्याच पीसीवर बसून त्याचं स्वतःचं फोल्डर उघडायचं होतं तर आत घेत नाही, आधीच दुसऱ्या नावानं जोडलंय म्हणतो.

तिसरं, झेरॉक्स मशीनचं स्कॅन जुन्या पीसीवर जायचं, डब्यावर जातच नाही. मशीन जुनं आहे, दहा-बारा वर्षांचं असेल.

---

सातारी_कंदी

नावांचं मी सांगतो, ह्यात मी स्वतः पोळलोय. विंडोजवर पूर्ण पत्ता, म्हणजे ड्राइव्हपासनं फाईलच्या शेवटपर्यंत, साधारण २६० अक्षरांत बसावा लागतो. आणि मराठीत काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजतात. 'गुणवत्ता' दिसायला चार अक्षरं, मोजायला आठ. डब्यावर आणखी वेगळी मर्यादा, एका नावाला २५५ बाइट, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, म्हणजे ८५ चिन्हांत नाव संपलं पाहिजे. इंग्रजीत तेच नाव बसतं, म्हणून बाकीच्या फाईली गेल्या आणि काकांच्या राहिल्या. मराठी सोडायला सांगू नका त्यांना, फक्त तारीख आधी, विषय दोन शब्दांत. '२०२५-०६-१२ आयुक्त पत्र प्रत'. वर्ष आधी लिहिलं की फोल्डरात आपोआप क्रमानं पण लागतात.

सुपरवायझरचं, विंडोज एका सर्व्हरला एका वेळी एकाच नावानं जोडतो, दोन नावं चालत नाहीत. शॉपचं लॉग ऑफ करून त्याच्या स्वतःच्या लॉगिननं बसायचं, हाच सरळ मार्ग. आणि कुणाला नव्या ग्रुपमध्ये टाकलं तरी त्याला एकदा लॉग ऑफ करून परत यायला सांगा, नाहीतर 'तुम्ही दिलंच नाही' म्हणून फोन येतो.

---

केबल_अण्णा

झेरॉक्सचं मशीन बहुतेक एसएमबी १ नं (विंडोजची फाईली शेअर करायची जुनी भाषा) बोलतंय. डबा ते घेत नाही आणि घ्यायला लावू पण नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा रॅन्समवेअर जगभर पसरला तो ह्याच जुन्या एसएमबीच्या भोकातनं. सेटिंगमध्ये एक टिक मारली की स्कॅन चालू होईल, म्हणूनच आधीच सांगतोय. मशीनच्या मेनूत एफटीपी (फाईल पाठवायची दुसरी पद्धत) आहे का बघा, बऱ्याच जुन्या मशीनना असतं. डब्यावर 'स्कॅनर' नावाचा वेगळा युझर करा, त्याला 'स्कॅन' हे एकच फोल्डर, बाकी काही नाही, त्याचा पासवर्ड दुसरीकडं कुठंच वापरू नका, आणि एफटीपी फक्त ऑफिसच्या आत. बाहेरनं डबा उघडायचा नाही, राउटरवर पोर्ट (इंटरनेटवरनं आत यायचं दार) तर अजिबात नाही, चिरंजीव घरनं बघायचंय म्हणाले तरी. जानेवारी २०२२ मध्ये दुसऱ्या एका कंपनीच्या असल्याच डब्यांवर डेडबोल्ट नावाचा रॅन्समवेअर आला होता, तो इंटरनेटला उघडे ठेवलेलेच शोधत फिरत होता. घरनं पाहिजे असेल तर व्हीपीएन (इंटरनेटवरनं ऑफिसात यायचा कुलूपबंद रस्ता), ते मी येऊन लावून देतो, चहाच्या बोलीवर.

डिझाईनवाले स्लो स्लो म्हणतील आता. म्हणायच्या आधी त्यांचा स्विच बघा, १०० मेगाबिटचा जुना असेल तर सेकंदाला ११-१२ मेगाबाइटच्या वर जाणार नाही, गिगाबिटवर तेच १०० च्या वर. वायर पण बघा, चारच तारा चेमटलेल्या असतील तर नवा स्विच लावून पण १०० वरच राहील.

---

स्टोअरवाला_कुपवाड

एफटीपी आहे मशीनला, चालू झालं. स्विच १०० चाच निघाला, टेबलाखाली, वर अर्धा इंच धूळ. काकांना ८५ चिन्हांचं सांगितलं, त्यांनी मोजून एक नाव केलं आणि मला दाखवायला आले, ८४.

चिरंजीवांना 'बघणार' दिलंय, अजून त्यांनी काही उघडलेलं नाही.

अण्णा, व्हीपीएनला शनिवारी या, चहा नाही, भडंग पण आहे.